कंडक्टरच्या डब्यावरचं लेबल

दुकानात तिला सगळे तोळाताई म्हणतात. हे नाव मालकाने ठेवलं. कुत्र्यामांजरांचं खाणं विकणाऱ्या त्या दुकानात ती कामाला लागली, त्या पहिल्याच दिवशी तिने एका गिऱ्हाइकाला अर्धा किलो दाणे मोजून दिले. काट्यावर पाचशेचा आकडा दिसेपर्यंत ती चिमटीने दाणे टाकत राहिली, आणि आकडा एकाने पुढे गेला तेव्हा दोन दाणे उचलून परत बरणीत टाकले. मालक म्हणाला, "ताई, आपण सोनं नाही विकत." तेव्हापासून तोळाताई. तिला राग आला नाही. त्याआधी वीस वर्षं ती औषधांच्या दुकानात मागच्या खोलीत पुड्या बांधत होती. तिथे दोन दाण्यांनी माणूस मेलाही असता.

दुकान अरुंद. एका बाजूला चाव्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला बंद पडलेला फोटो स्टुडिओ. आत भिंतीला लागून चौदा उंच बरण्या. मोठं पोतं एकदम घेणं ज्यांना झेपत नाही, ते इथे किलो-अर्धा किलो सुटं घेतात. सुटं म्हटलं की पिशवी कोरी. आत काय आहे ते विकणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने मानायचं. तोळाताईला हे पटेना. तिने पद्धत घालून दिली. पोतं फोडलं की त्याची मागची छापील बाजू कात्रीने कापायची. आत काय काय घातलंय, प्रोटीन किती, चरबी किती, ओलावा किती, दिवसाला किती ग्रॅम द्यायचं, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं, सगळं त्या तुकड्यावर असतं. तो तुकडा रबर लावून बरणीला बांधायचा. पोतं संपलं की तुकड्याच्या मागे तारीख टाकून तो बुटांच्या खोक्यात ठेवायचा. आणि जुन्यावर नवं ओतायचं नाही. बरणी पूर्ण रिकामी करायची, कोरड्या फडक्याने पुसायची, मगच पुढचं पोतं.

"इतर दुकानांत वरून ओततात नुसतं," मालक म्हणायचा.

"मग त्यांच्या बरणीच्या तळाशी मागच्या वर्षीचं खाणं असेल. बघा विचारून."

मालक विचारायला गेला नाही. पण मागच्या वर्षी एका कंपनीचं पत्र आलं. एका बॅचमध्ये कुठलंसं जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर पडलंय, माल परत करा. मालकाचा चेहरा पोत्यासारखा झाला. तोळाताईने खोकं उघडलं, तुकडा शोधला, त्यावरची तारीख बघितली, आणि त्या आठवड्यात त्या बरणीतलं कोणी कोणी नेलं ते आठवून नऊ घरी स्वतः जाऊन आली. एकाही जनावराला काही झालं नाही. त्यानंतर मालकाने खोक्याची थट्टा करणं सोडलं. नावाची मात्र सोडली नाही.

गिऱ्हाइकं तिच्याकडे दाणे घ्यायला कमी आणि विचारायला जास्त येत.

"ताई, हे बघा," एक मांजरवाली बाई एकदा तणतणत आली, हातात ओल्या खाण्याचं पाकीट. "ह्याच्यात प्रोटीन दहा टक्के. तुमच्या बरणीतल्यात तीस. म्हणजे महाग ते महाग आणि वर निकस!"

"ओलावा किती लिहिलाय?"

बाईने पाकीट डोळ्यांजवळ नेलं. "ऐंशी."

"म्हणजे शंभरातलं ऐंशी पाणीच. उरले वीस. त्या विसात दहा प्रोटीन. निम्मं झालं की हो! बरणीतल्यात पाणी दहाच. उरलेल्या नव्वदात तीस. तिसरा हिस्सा. आता सांगा, निकस कोण?"

"अगं बाई! म्हणजे मी पाण्याचे पैसे मोजते?"

"तुमचं मांजर आपणहून पाणी पितं?"

"कुठलं पितंय मेलं. वाटीकडे बघत नाही."

"मग त्याला पाणी पाजण्याचे मोजता. फक्त पुढे 'संपूर्ण आहार' लिहिलंय ना तेवढं बघा. 'पूरक' असेल तर ते नुसतं तोंडी लावणं. त्याच्यावर मांजर जगवू नका."

अशी ही तोळाताई. दुसऱ्याच्या जनावराच्या पोटात काय जातं याची खडान्‌खडा माहिती असलेली. म्हणूनच तिच्या स्वतःच्या घरात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, चार महिने एक खोटं लेबल लावलेला डबा होता हे सांगितलं तर दुकानात कोणाला खरं वाटलं नसतं.

डबा होता भावोजींच्या कुत्र्याचा.

भावोजी म्हणजे तिचा दीर. सत्तावीस वर्षं बस चालवली. लग्न केलं नाही. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडेने कमी होत गेली, तेव्हा नोकरी मुदतीआधीच सोडावी लागली, आणि वर्षापूर्वी ते एक बॅग आणि एक कुत्रा घेऊन थोरल्या भावाकडे राहायला आले. कुत्रा तांबडा, बारा वर्षांचा, एक कान दुमडलेला. नाव कंडक्टर. कारण तो सगळ्याच गोष्टींना मोजून भुंकतो. थांबायचं असलं तर एकदा, निघायचं असलं तर दोनदा. "मी फक्त चालवतो," भावोजी म्हणत. "घंटी त्याची."

आल्या दिवसापासून भावोजींनी घरात स्वतःची जागा अगदी लहान करून टाकली होती. आंघोळ सगळ्यांच्या शेवटी. पंखा एकवर. ताटात दुसऱ्यांदा काही नको. कंडक्टरचं पोट नाजूक म्हणून त्यांच्या जुन्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरने एक ठरावीक खाणं लिहून दिलं होतं, म्हाताऱ्या कुत्र्यांसाठीचं, पचायला हलकं. ते तोळाताईच्या दुकानात होतं. सगळ्यात वरच्या फळीवर, आणि भावातही सगळ्यात वर.

"वहिनी, माझा चहा आणि दूध बंद करा," भावोजी पहिल्याच आठवड्यात म्हणाले. "तेवढ्यात त्याचं भागतंय का बघा."

चहा हे त्या माणसाचं एकमेव सुख होतं. सकाळी एक कप, चार वाजता एक कप, बशीत ओतून, खिडकीशी बसून. तोळाताई ताबडतोब म्हणाली, "चहा कशाला बंद? मला दुकानात निम्म्यात मिळतं ते."

निम्म्यात मिळत नव्हतं. मालक तिला एक दाणा कमी भावात देत नव्हता.

पहिले काही महिने तिने ते खाणं खरोखर आणलं. पोत्यावरचं लेबल कापून डब्याला चिकटवलं, कारण भावोजींना वाचायला लागायचं. खिशातलं भिंग काढून, डबा उजेडात फिरवून, ते लेबल ओळीओळीने वाचत आणि मग कंडक्टरला सांगत, "प्रोटीन सव्वीस. मजा आहे तुझी." मग कंपनीने भाव वाढवला, त्याच महिन्यात नवऱ्याच्या दाढांचं काम निघालं, आणि एका शनिवारी तोळाताई एका बरणीचा तळ घेऊन घरी आली.

तळ म्हणजे तिच्याच पद्धतीचं फळ. बरणी रिकामी करून पुसायची म्हटलं की तळाशी पाव-अर्धा किलो उरायचं. मोडलेले दाणे, थोडा भुगा. ते विकायला तिचं मन घेत नसे. मालक म्हणे, "घेऊन जा, कुठल्याही कुत्र्याला घाला." ती जिन्याखालच्या कुत्र्यांना घालत असे. त्या शनिवारी घरच्या कुत्र्याला घातलं. मुदतीतलंच होतं, 'संपूर्ण आहार' लिहिलेलंच होतं. विष थोडंच आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. पुढच्या शनिवारी दुसऱ्या बरणीचा तळ. मग कधी दोन बरण्यांचा मिळून. डबा तोच. लेबल तेच.

"वहिनी, दाणे आज चपटे लागतायत हाताला," भावोजी एकदा म्हणाले.

"कंपनीने आकार बदललाय."

इतकं सहज आलं तिच्या तोंडून, की ती स्वतःच मोरीत जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

दीड-दोन महिन्यांत कंडक्टरचं पोट बिघडलं. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. भावोजी त्याला घेऊन दिवसातून सहा-सहा वेळा जिना उतरायचे. अंगावरचे केस राठ झाले, बरगड्या हाताला लागायला लागल्या. शेवटी सोमवारी दोघं त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. भावोजी, तोळाताई आणि भावोजींच्या काखेत तो डबा. रिकामा करून, धुऊन, पुसून, लेबल समोर येईल असा धरलेला.

डॉक्टर ही तिशीतली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली, भराभर बोलणारी मुलगी होती. तिने कंडक्टरला पत्र्याच्या टेबलावर घेतलं, पोट चाचपलं, दात बघितले, वजनकाट्यावर उभं केलं. बावीस किलोंचा कुत्रा साडेअठरावर आला होता. तिथेच रक्त आणि विष्ठा तपासून घेतली, रिपोर्ट दोनदा वाचला. "मूत्रपिंड चांगलं, यकृत चांगलं. विष्ठेत जंत नाहीत. खायला काय देता?"

भावोजींनी डबा पुढे केला. परीक्षेत पहिला आलेल्या मुलाने प्रगतिपुस्तक द्यावं तसा.

डॉक्टरने लेबल वाचलं. "किती दिवस हेच?"

"वर्ष झालं. याच्याशिवाय दुसरं काही नाही."

"बिस्कीट, उष्टं, वरचं काही?"

"नाही," भावोजी म्हणाले.

डॉक्टर खुर्चीवर मागे टेकली. "असं असतं, आजोबा. पोट असं चाललं की मी आधी खाणं बदलून बघते. एकच हलकं खाणं, तीन आठवडे, दुसरं काही नाही. निम्मी कुत्री त्यातच बरी होतात. पण तुम्ही तर वर्षभर तेच करताय. म्हणजे खाण्याचा प्रश्न उरत नाही. मग आत बघायला हवं. भूल देऊन नळी घालावी लागेल, आतड्याचा तुकडा काढून तपासायला पाठवू. गाठ असू शकते."

"भूल त्याला झेपेल?"

"बारा वर्षांचा आहे, वजन उतरलंय. धोका आहे, खोटं नाही सांगत. पण न बघता ठेवणंही बरोबर नाही. गुरुवारी सकाळी आणा, उपाशी."

तोळाताईच्या हातात पट्टा होता. तिने तो दुसऱ्या हातात घेतला, मग परत पहिल्या. ज्या लेबलावर भरवसा ठेवून ही मुलगी कुत्र्याच्या आत शिरायला निघाली होती, ते लेबल तोळाताईनेच कात्रीने कापून, डिंकाने चिकटवलं होतं. तिने पट्टा ओढला आणि दाराकडे वळली.

संध्याकाळी जिन्याच्या वळणावर तिने नवऱ्याला गाठलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. कमी बोलतो, आणि बोलतो तेव्हा लिफ्टबद्दलच बोलतोय असं वाटतं.

"अहो, डब्यात ते खाणं नसतं. चार महिने नाहीये."

त्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "मग काय असतं?"

तिने सांगितलं.

"त्याला कळलं तर पहिल्यांदा चहा सोडेल. मग कदाचित घर."

"तेच तर."

"असं कर. आजपासून खरं खाणं आण. गपचूप. होईल बरा."

"गुरुवारी भूल देणार आहेत त्याला! तो उठलाच नाही तर भावोजींना कोणत्या तोंडाने चहा देऊ मी?"

नवऱ्याने पिशवी पुन्हा उचलली. "माणूस लिफ्टमध्ये अडकला की वर घ्यायचा का खाली, ते आधी ठरवतो आम्ही. मधे लोंबकळत ठेवत नाही. तू ठरव. मी खाली उभा आहे."

बुधवारी दुकानात एक पोरगेलासा बाप मुलीला घेऊन आला. पिल्लासाठी एक किलो. तोळाताई पिशवीत लेबलाची नक्कल घालायला लागली तर तो म्हणाला, "राहू द्या हो, कोण वाचतंय."

"असं कसं," तिचं तोंड सवयीने चालू झालं. "उद्या पिल्लाला काही झालं तर डॉक्टर पहिली गोष्ट विचारणार, काय खाल्लं. तेव्हा खरं सांगता आलं नाही तर..."

ती पोत्यावर बसली. मुलीने बापाकडे बघितलं. मालकाने गल्ल्यामागून मान बाहेर काढली. "तोळाताई? चक्कर आली का?"

"नाही." तिने पदराने तोंड पुसलं, उठून फळीवरून बुटांचं खोकं काढलं आणि काखेत मारलं. "हे मी घरी नेतेय. उद्या दुपारी येईन."

"खोकं? कशाला?"

"वाचायला."

गुरुवारी सकाळी दवाखान्यात फिनेलचा वास होता, आणि आतल्या खोलीत डॉक्टर हातमोजे चढवत होती. कंडक्टर उपाशी, म्हणून रुसलेला. भावोजींनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि काहीतरी अगदी हळू सांगत होते. शेवटच्या थांब्याला उतरणाऱ्या प्रवाशाशी बोलावं तसं.

"डॉक्टर, जरा थांबा," तोळाताई म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "डब्यावरचं लेबल खोटं आहे. मी लावलंय."

मग तिने सगळं सांगितलं. न थांबता, भावोजींकडे न बघता, औषधाच्या पुडीवर लिहावं तसं थोडक्यात. आणि बुटांचं खोकं टेबलावर ठेवलं. "बरणी संपली की तळ मी घरी नेते, आणि त्याच दिवशी तिचं लेबल ह्यात टाकते. मागे तारीख आहे. म्हणजे त्याने कुठल्या आठवड्यात काय खाल्लं, ते सगळं ह्यात आहे."

डॉक्टरने हातमोजे काढले आणि तुकडे तारखेप्रमाणे टेबलावर मांडायला लागली. कंडक्टरच्या पुढच्या पायांपासून शेपटीपर्यंत रांग लागली.

"चिकन. मासे. हे पिल्लांचं, चरबी जवळजवळ दुप्पट. हे वजन कमी करायचं... पुन्हा मासे. हे... बाई, हे मांजराचं आहे!"

"ते दोनदाच," तोळाताई म्हणाली.

"सोळा आठवड्यांत एकवीस लेबलं." डॉक्टरने मोजून झाल्यावर कपाळाला हात लावला. आणि हसायला लागली. "बाई, माणसाला दर आठवड्याला नव्या घरात जेवायला घातलं तर त्याचंही पोट चालेल. खाणं बदलायचं तर आठ-दहा दिवस घेऊन, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळून बदलायचं. आणि तळातला हा भुगा म्हणजे सगळ्यात जास्त हवा लागलेला भाग. त्यातली चरबी खवट होते. पोत्यावरची मुदत बंद पोत्याची असते, फोडल्यावरची नाही."

"हे मी गिऱ्हाइकांना सांगते," तोळाताई पुटपुटली.

"मग स्वतःलाही विकत जा." डॉक्टरने भुलीच्या औषधाचा ट्रे बाजूला सरकवला. स्टीलवर काच घासल्याचा तो आवाज तोळाताईला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. तिच्या आयुष्यातल्या चांगल्या आवाजांपैकी तो एक. "आज नळी नाही. आत काही नाहीच असं मी म्हणत नाही. पण आधी जे करायचं असतं ते झालेलंच नाही, हे आज कळलं. दोन-तीन दिवस भात आणि उकडलेलं चिकन, मीठ नाही. मग हळूहळू एकच कोरडं खाणं. तीन आठवडे. दुसरं काही म्हणजे काही नाही."

मग भावोजी खाकरले.

"डॉक्टर," ते म्हणाले, "लिहायचं असेल तर आणखी एक लिहून घ्या. चहात बुडवलेलं बिस्कीट. रोज. दोन."

"सोमवारी नाही म्हणालात!"

"सोमवारी वहिनी समोर होत्या."

तोळाताईला हसू आलं आणि त्याच वेळी रडू. शेवटी नाकातून एक विचित्र आवाज तेवढा बाहेर पडला. कंडक्टरने कान दुमडून तिच्याकडे बघितलं.

"आणि म्हाताऱ्यांसाठीचं तेच महागाचं आणू का आता?" तिने विचारलं. "आणते. काहीही करून आणते."

"त्याची गरज नाही. 'सीनियर' हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या परीने छापते. ह्याच्या रक्तात काही दोष नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांचं साधं, मध्यम भावाचं, 'संपूर्ण आहार' लिहिलेलं घ्या. एकच घ्या. बंद पोतं घ्या, आणि घरी त्याच पोत्यात ठेवा, तोंड गुंडाळून. डब्यात ठेवायचं तर पोत्यासकट ठेवा."

परतताना भावोजी पुढे, मधे कंडक्टर, मागे तोळाताई. डबा तिच्या काखेत आणि त्याच्यात बुटांचं खोकं कोंबलेलं. चौकात सिग्नलला भावोजी थांबले.

"सत्तावीस वर्षं गाडी चालवली, वहिनी," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पाटी एका ठिकाणची आणि गाडी भलत्याच ठिकाणी, असं एकदाही केलं नाही."

"चुकलं माझं."

"विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही चहा सोडला असता."

हिरवा दिवा लागला, गेला. दोघं तिथेच.

"म्हणजे मी रोज खिडकीत बसून जो चहा प्यायलो," ते शेवटी म्हणाले, "तो ह्याच्या तोंडचा?"

"तसं नका हो म्हणू!"

"म्हणतोय तर. आणि वर दोन बिस्किटं त्यालाच देत होतो. म्हणजे हिशोब आपला आपणच फेडत होतो दोघं." त्यांच्या खांद्यांना हलकासा झटका बसला. तोळाताईने घाबरून बघितलं तर ते हसत होते. तोंड बंद ठेवून, सगळं अंग हलवत. "जाऊ द्या. प्रवासी खाली उतरला नाही, एवढं पुरे मला आज."

कंडक्टर दोनदा भुंकला. सगळे निघाले.

नवरा खरंच खाली उभा होता, कामाला न जाता. त्याने आधी कुत्र्याकडे बघितलं, मग बायकोच्या तोंडाकडे. "वर घ्यायचं ना?" एवढंच विचारलं, आणि डबा तिच्या हातातून घेतला.

त्या दुपारी तोळाताईने दुकानात कागद-पेन्सिल घेऊन चार पोत्यांची लेबलं समोर मांडली. किलोचा भाव तिने आधी बघितलाच नाही. शंभर ग्रॅमला कॅलरी किती, त्यावरून दिवसाला ग्रॅम किती, आणि मग त्या ग्रॅमचा भाव. सगळ्यात स्वस्त दिसणारं पोतं दिवसाकाठी दुसऱ्या नंबरचं महाग निघालं, कारण ते जवळजवळ दीडपट घालावं लागत होतं. मधलं एक निघालं ते महागड्याच्या निम्म्याहून कमी होतं. तिने बेरीज तीनदा तपासली. ज्या पैशांसाठी ती चार महिने खोटं बोलली होती, ते पैसे सरळ विचारलं असतं तर मुळात लागलेच नसते. तिने कागदाची घडी केली आणि ब्लाउजमध्ये खोचली. वाईट वाटायला हवं होतं. पण तिला इतकं हलकं वाटत होतं, की तिने मालकाला न विचारता स्वतःसाठी चहा मागवला.

तळाचं तिने त्याच दिवशी ठरवून टाकलं. चाळणीने चाळायचा, भुगा फेकायचा, अख्खे दाणे त्याच आठवड्यात कमी भावात विकायचे, लेबल लावून. मालक कुरकुरला. "आता चाळणीही आली? पुढे काय, भिंग?"

"भिंग घरी आहे," ती म्हणाली.

पुढचे तीन आठवडे त्या घरात ज्या विषयावर बोललं गेलं, तो चांगल्या घरात जेवताना बोलायचा नसतो. भावोजी कंडक्टरला फिरवून जिना चढून आले की नवरा वर्तमानपत्रावरून डोळे न काढता विचारायचा, "कसं?"

"मऊ," पहिल्या आठवड्यात उत्तर.

"ठीक," दुसऱ्या.

आणि अठराव्या दिवशी भावोजी दारातच थांबले, चप्पलही न काढता. "घट्ट!" त्यांनी जाहीर केलं. "दोन्ही वेळा!" नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवून टाळी दिली. तोळाताई ओट्याशी होती. तिने गॅस बारीक केला, फडक्याला हात पुसले. मग म्हणाली, "चप्पल काढा आधी, भावोजी."

चौथ्या आठवड्याच्या शेवटी वजनकाट्यावर वीस किलो तीनशे झाले. डॉक्टरने पोट चाचपलं, केसांतून उलटा हात फिरवला आणि कार्डावर नळीची नोंद होती त्यावर आडवी रेघ मारली. "महिन्याने दाखवा. अंगाने भरतोय."

"बिस्कीट?" भावोजींनी अगदी सहज, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत विचारलं.

"आजोबा!"

"विचारतोय फक्त. विचारलेलं बरं असतं, असं आता आमच्या घरात ठरलंय."

डॉक्टरने तोळाताईकडे बघितलं. तोळाताईने छताकडे.

"अर्धं," डॉक्टर म्हणाली. "साधं. क्रीमचं नाही, चॉकलेटचं तर अजिबात नाही. आणि तेवढे दाणे कमी करायचे."

त्या दिवशी चार वाजता भावोजी खिडकीशी बसले. बशीत चहा, समोर कंडक्टर, एक कान दुमडून. कोपऱ्यातल्या डब्यावरचं जुनं लेबल भावोजींनी गरम पाण्याने भिजवून, नखाने खरवडून कधीच काढलं होतं. आता तिथे नव्या पोत्याचं लेबल होतं, आणि त्याच्याखाली त्यांच्या मोठ्या, तिरक्या अक्षरांत पोतं फोडल्याची तारीख. आत तेच पोतं होतं, तोंड गुंडाळून चिमटा लावलेलं. रोज एकदा ते झाकण काढून खात्री करत. वहिनींवर भरवसा नाही असं नव्हे, ते सांगत, पण डेपोतून निघताना पाटी बघायची सवय आहे.

भावोजींनी बिस्कीट मधोमध मोडलं. एक तुकडा मोठा निघाला. अर्थातच त्यांनी मोठा पुढे केला.

"थांबा," तोळाताई आतून म्हणाली आणि दुकानातून आणलेला छोटा काटा घेऊन आली. मोठा तुकडा काट्यावर ठेवला. कडेचा इवलासा कण नखाने तोडला, आकडा बघितला, आणखी एक कण तोडला.

"वहिनी, सोनं आहे का ते?"

"चार ग्रॅम," ती म्हणाली. तोडलेले कण तिने भावोजींच्या चहात टाकले. "आता द्या."

कंडक्टर आधीच दोनदा भुंकला होता.